जामीन झाला म्हणजे सुटला का?

तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वे फाट्याच्या आसपासची गावं खाणीवर, धानावर आणि जंगलावर जगतात. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणीतून निवृत्त होणाऱ्या कामगाराच्या हाती आयुष्याची कमाई एका दिवसात येते. धानाचे चुकारे हंगामात येतात आणि तेंदूपत्त्याची मजुरी उन्हाळ्यात. नाकाडोंगरी हे त्याच पट्ट्यातलं, मध्य प्रदेशच्या सीमेला चिकटलेलं गाव. पैसा असा एकगठ्ठा येतो तिथे जादा व्याजाची ठेव घेऊन कुणी ना कुणी पोचतंच. बहुतेक वेळा तो एजंट गावातलाच असतो, कुणाचा तरी भाचा किंवा कुणाचा तरी जावई.

समजा, अशी एखादी संस्था बुडाली. गोबरवाही ठाण्यात गुन्हा दाखल झाला, तपास भंडाऱ्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला, चारपाच जणांना अटक झाली आणि वर्तमानपत्रात फोटो आले. मग तीन महिन्यांनी त्यातला एक जण तुमसरच्या बाजारात भाजी घेताना दिसला. त्या दिवशी गावात एकच वाक्य फिरतं, ‘पैसे खाल्ले अन् सुटला!’ राग रास्त आहे, पण वाक्य चुकीचं आहे. तो सुटलेला नसतो. त्याचा खटला अजून उभाही राहिलेला नसतो. अटक आणि निकाल यांच्यामधला हा काळ आर्थिक गुन्ह्यांत विलक्षण लांब असतो, आणि या काळात माणसाला आत ठेवायचं की बाहेर, एवढाच प्रश्न जामिनाचा असतो.

हा काळ किती लांब, ते आपल्या शेजारच्या नागपूरनेच दाखवून दिलं. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांना पैसे दिले. रोखे कधी बँकेच्या हाती आलेच नाहीत आणि पैसेही परत आले नाहीत. व्याज धरून आकडा दीडशे कोटींच्या घरात गेला. गुन्हा एप्रिल २००२ चा. सीआयडीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोषारोपपत्र दाखल केलं, म्हणजे तपासाने फार वेळ खाल्ला असंही नाही. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि नंतर मंत्री झालेले सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची सक्तमजुरी आणि प्रत्येकी साडेबारा लाखांचा दंड झाला, तर तिघे निर्दोष सुटले. मधे एकवीस वर्षं गेली. एवढी वर्षं आरोपींना कच्च्या कैदेत ठेवलं असतं तर पाच वर्षांच्या शिक्षेसाठी चौपट तुरुंगवास झाला असता, आणि जे तिघे निर्दोष ठरले त्यांच्या त्या वर्षांचा हिशेब कुणी दिला असता?

निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ जानेवारी २०२४ रोजी, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने केदारांची शिक्षा अपिलाच्या निकालापर्यंत स्थगित करून त्यांना जामीन दिला. हा जामीन वेगळ्या जातीचा आहे. तो दोषी ठरल्यानंतरचा आहे, आणि तिथे निर्दोष मानण्याचं गृहीतक उरलेलं नसतं. खटल्यापूर्वीच्या जामिनात ते गृहीतक पूर्ण शाबूत असतं. बातमीत दोन्हींना ‘जामीन मंजूर’ असंच म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा घोळ होतो.

आता पुन्हा आपल्या काल्पनिक संस्थेकडे येऊ. आरोपीला अटक झाली की चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. अटकेची कारणं त्याला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. सरकारी वकील पोलीस कोठडी मागतात. कोर्टाच्या आवारात हिला पीसीआर म्हणतात आणि न्यायालयीन कोठडीला एमसीआर. पूर्वी पोलीस कोठडी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ ने दिवस पंधराच ठेवले, पण ते तुकड्या-तुकड्यांत, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. आर्थिक गुन्ह्यात याचा अर्थ मोठा आहे. बँकेचं स्टेटमेंट महिन्याभराने हाती आलं की आरोपीला पुन्हा ताब्यात घेऊन त्याच्यापुढे ठेवता येतं. आरोपीच्या बाजूने पाहिलं तर हीच तरतूद जामीन लांबवायचं हत्यार ठरते, आणि वकीलमंडळी तसं बोलूनही दाखवतात.

मात्र या सगळ्यात पोलीस कुठलं कलम लावतात त्यावर आरोपीचा मुक्काम ठरतो, आणि ठेवीदारांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. साधी फसवणूक, म्हणजे जुनं ४२० आणि आताचं न्याय संहितेचं ३१८(४), यात शिक्षा सात वर्षांपर्यंत. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राने १९९९ साली केलेला कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्यात सहा वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी नोटीस देऊन चौकशीला बोलवावं, ऊठसूट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. पण त्यात बँकर, दलाल किंवा एजंट यांनी केलेला विश्वासघात घातला, म्हणजे जुनं ४०९ आणि आताचं ३१६(५), की शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि सगळं गणित पालटतं. दोषारोपपत्रासाठी साठऐवजी नव्वद दिवस मिळतात. तुमसरचे न्यायदंडाधिकारी सहसा जामिनाला हात लावत नाहीत आणि अर्ज भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात जातो. तिथे नाही झालं तर नागपूर. शिक्षेच्या कमाल मुदतीचा अर्धा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ, आत काढला की सुटका करावी, अशी सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ची सवलत आहे. ती जन्मठेपेच्या गुन्ह्याला लागू नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तरीही लागू नाही. आणि ठेवीच्या फसवणुकीत एकच गुन्हा असा कधी असतो? तुमसरला एक, साकोलीला एक, सीमेपलीकडे बालाघाटला आणखी एक. एका गुन्ह्यात जामीन झाला की तुरुंगाच्या दारातच दुसऱ्या जिल्ह्याचे पोलीस ताबा घ्यायला उभे.

नागपूर बँकेच्याच वेळी होम ट्रेड या दलाल कंपनीच्या व्यवहारांवरून वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांचेही गुन्हे दाखल झाले. त्यातल्या एका दलालाने आपल्यावरचे वेगवेगळ्या राज्यांतले खटले मुंबईत एकत्र चालवावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २०२२ मध्ये न्यायालयाने ते नाकारलं. प्रत्येक बँक वेगळी, तिचे साक्षीदार वेगळे, तिचे ठेवीदार वेगळे. तर्क बरोबरच आहे, पण वीस वर्षांत खटले का संपत नाहीत, त्याचं एक उत्तरही त्यातच आहे.

नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. गुन्हा कितीही मोठा असो, न्यायालयाला तिथे विवेकाधिकार नाही. या हक्कावर किती बारीक लढाई होते, ते डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या वाधवान बंधूंच्या प्रकरणात दिसतं. ईडीच्या गुन्ह्यात त्यांना १४ मे २०२० रोजी पहिल्यांदा कोठडी झाली. मुदत साठ दिवसांची होती. दोषारोपपत्राच्या जागी असणारी ईडीची तक्रार कोर्टात प्रत्यक्ष दाखल झाली १३ जुलैला. आता १४ मे हा दिवस मोजायचा की सोडायचा? मोजला तर १२ जुलैला साठ दिवस संपतात आणि तक्रार एकसष्टाव्या दिवशी ठरते. सोडला तर ती वेळेत. एका दिवसाचा हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला आणि २७ मार्च २०२३ ला निकाल आला की कोठडी दिल्याचा दिवस मोजायचाच. आरोपी जिंकले. मग त्याच बंधूंवरच्या सीबीआयच्या गुन्ह्यात, जिथे बँकांची सुमारे ३४ हजार कोटींची फसवणूक झाल्याचा आरोप आहे, उलटं घडलं. तपास अपुरा असताना घाईने दोषारोपपत्र घातलं म्हणून खालच्या दोन्ही न्यायालयांनी जामीन दिला होता. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. इतर आरोपींबाबत तपास चालू आहे म्हणून या आरोपींवरचं दोषारोपपत्र अपुरं ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. माझ्या मते पहिला निकाल स्वच्छ आहे आणि दुसरा तपास यंत्रणांना थोडा जास्तच सैल सोडतो. मोठ्या घोटाळ्यात ‘इतर आरोपी’ कधी संपतच नाहीत.

मुदत उलटली नाही, तर गुणवत्तेवर जामीन मागावा लागतो. तिथे न्यायाधीश प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतात. माणूस पळून जाईल का, पुरावा नष्ट करील का, साक्षीदारांवर दबाव आणील का? २०११ मध्ये टू-जी प्रकरणातल्या संजय चंद्रा आणि इतरांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाचा हेतू आरोपीला खटल्याला हजर ठेवणं हा आहे, आगाऊ शिक्षा देणं हा नाही. दोनच वर्षांनी आंध्रच्या जगनमोहन रेड्डींचा जामीन नाकारताना त्याच न्यायालयाने आर्थिक गुन्हे हा वेगळा वर्ग आहे, ते देशाच्या अर्थव्यवस्थेवर घाव घालतात, असं म्हटलं. तेव्हापासून सरकारी वकील दुसरा निकाल वाचतात आणि बचावाचे वकील पहिला. डिसेंबर २०१९ मध्ये चिदंबरम यांना जामीन देताना न्यायालयाने मधला रस्ता धरला. आर्थिक गुन्हा आहे म्हणून जामीन नाहीच असा नियम नाही, पण गुन्ह्याचं गांभीर्यही तोलावं लागेल.

गावाच्या पातळीवर हा तराजू कसा चालतो? संस्थेची संगणकातली खाती, लेजर, पासबुकं पोलिसांनी जप्त केली की ‘पुरावा नष्ट करील’ या शंकेतला दम जातो. साक्षीदार मात्र नाकाडोंगरीतच राहतात, एजंटही तिथलाच, आणि नात्यागोत्याच्या गावात दबाव आणायला धमकीची गरज नसते. म्हणून अशा प्रकरणात अनेकदा तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही अशी अट घातली जाते. पासपोर्ट जमा करणं, ठरावीक वारी ठाण्यात हजेरी लावणं, मालमत्ता न विकणं, या अटी नेहमीच्या. अट मोडली तर जामीन रद्द करून घेता येतो, आणि त्यासाठी अर्ज करायला तक्रारदाराला कुणी अडवलेलं नाही.

ठेवीदारांना सगळ्यात गोड वाटणारी अट म्हणजे ‘आधी पैसे भर, मग जामीन घे’. पुण्याचे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी ऊर्फ डीएसके यांच्या प्रकरणात ती अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली. ठेवीदारांचे पैसे थकल्यावर डीएसके अटकपूर्व जामिनासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. पन्नास कोटी भरा, असं न्यायालयाने सांगितलं, आणि त्या बोलीवर अटकेपासून संरक्षण मिळालं. तारखांमागून तारखा गेल्या, हमीपत्रं दिली गेली, पैसे आले नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने संरक्षण काढून घेतलं आणि १७ तारखेला दिल्लीत त्यांना अटक झाली. दोषारोपपत्र जवळजवळ ३७ हजार पानांचं होतं. डीएसके बाहेर आले ऑगस्ट २०२२ मध्ये, साडेचार वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर. या साडेचार वर्षांच्या तुरुंगाने ठेवीदारांच्या हाती काय पडलं, हा प्रश्न पुण्यातल्या कुठल्याही ठेवीदाराला विचारून पाहावा.

याच प्रकरणाने अटकेच्या घाईची दुसरी बाजूही दाखवली. २० जून २०१८ रोजी पुणे पोलिसांनी बँक ऑफ महाराष्ट्रचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक रवींद्र मराठे यांना डीएसकेंना दिलेल्या कर्जावरून अटक केली. देशभर खळबळ उडाली. आठवड्याभरात त्यांना जामीन झाला आणि त्याच वर्षाअखेरीच्या आत पोलिसांनीच न्यायालयाला सांगितलं की त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही. जामीन नावाची सोय नसती तर हे गृहस्थ पुराव्याशिवाय किती दिवस येरवड्यात बसले असते?

पैसे भरण्याच्या बोलीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने आता कान टोचले आहेत. फौजदारी न्यायालय म्हणजे वसुली अधिकारी नव्हे, हे २०२३ मध्ये सांगून झालं होतं. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या एका अपहाराच्या प्रकरणात तर न्यायालयाने स्पष्ट निर्देश दिले. त्यातल्या आरोपीने पंचवीस लाख भरण्याची हमी देऊन जामीन मिळवला, बाहेर आल्यावर पैसे भरले नाहीत आणि वर अशी अट घालताच येत नाही असा युक्तिवाद केला. न्यायालयाने त्याचा जामीन रद्द झाल्याचं कायम ठेवलं, त्याला दंड ठोकला, आणि यापुढे उच्च न्यायालयाने वा खालच्या न्यायालयांनी आरोपीच्या अशा हमीवर जामीन देऊ नये असं बजावलं. ठेवीदारांना हे कडू लागेल, पण ते त्यांच्याच हिताचं आहे. पैसेवाला मुख्य सूत्रधार हमी देऊन बाहेर, आणि दहा हजार पगाराचा रोखपाल आत, हे गणित त्या अटीतूनच जन्म घेत होतं.

रोखपालाची आणि छोट्या एजंटची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. संचालक फरार असतात तेव्हा पोलिसांना सापडतो तो हाच. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार हवा. जामीनदाराची ऐपत दाखवायला सातबारा किंवा तहसील कार्यालयाचा सॉल्व्हन्सी दाखला हवा. ज्याच्यावर अख्खं गाव चिडलंय त्याच्यासाठी आपला सातबारा कोण ठेवील? त्यामुळे कागदावर जामीन आणि प्रत्यक्षात कोठडी, अशी माणसं देशातल्या तुरुंगांत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये यावर उपाय सांगितला. जामीन होऊन महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर अट सैल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा. वैयक्तिक जातमुचलका किंवा रोख अनामत, असे पर्याय आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. हे त्या माणसाच्या घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं, आणि गावात ते सांगायला कुणी धजत नाही.

गुन्ह्यात ईडी शिरली तर कायदाच वेगळा. मनी लॉंडरिंगच्या कायद्यात कलम ४५ प्रमाणे आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटावी लागते, आणि तीही खटल्याआधी. छगन भुजबळांना मार्च २०१६ मध्ये अटक झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली आणि मे २०१८ मध्ये भुजबळ जामिनावर बाहेर आले. महाराष्ट्र सदन प्रकरणातल्या मूळ लाचलुचपतीच्या गुन्ह्यातून विशेष न्यायालयाने त्यांना सप्टेंबर २०२१ मध्ये दोषमुक्त केलं. दोन वर्षांहून अधिक काळ ते आत होते तो होताच. मधल्या काळात संसदेने ती अट पुन्हा आणली आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये मनीष सिसोदियांना सतरा महिन्यांनी जामीन देताना, खटला लवकर उभा राहण्याची शक्यताच नसेल तर कडक अटही माणसाला अनिश्चित काळ आत ठेवू शकत नाही, हे मान्य झालं.

ठेवीदाराने मग करायचं काय? जामिनाविरुद्ध मोर्चा काढण्यापेक्षा मालमत्तेवर डोळा ठेवावा. एमपीआयडीच्या कलम ४ खाली सरकार संस्थेची, संचालकांची आणि ठेवींच्या पैशातून घेतलेली मालमत्ता जप्त करू शकतं. त्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमला जातो, तो विशेष न्यायालयात जातो, जप्ती कायम झाली की लिलाव होऊन पैसे वाटले जातात. दुसऱ्याच्या नावावर फिरवलेली जमीनही कलम ८ मध्ये सापडते. नव्या सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्येही गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याची सोय आहे, आणि वाटपासाठी साठ दिवसांची मुदत घातली आहे. आरोपी बाहेर असताना जमीन विकली जाते ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे जप्तीची अधिसूचना लवकर काढून घेणं आणि तलाठ्याकडे सातबारावर तिची नोंद होते की नाही ते पाहणं. आरोपी भंडाऱ्याच्या तुरुंगात बसून राहिला तरी मुखत्यारपत्रावर जमीन विकली जाऊ शकते.

जामिनाच्या सुनावणीतही ठेवीदाराला जागा आहे. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात सांगितलं. पंचवीस-तीस ठेवीदारांनी मिळून एक वकील देऊन हस्तक्षेप अर्ज केला आणि आरोपीने कुणाच्या नावावर काय घेतलं त्याचे उतारे जोडले, तर न्यायाधीशाला अट घालायला काहीतरी हाती लागतं. ‘जामीन देऊ नका’ एवढंच म्हटलं तर काही लागत नाही.

आणि पैसे ठेवायच्या आधीच एक गोष्ट पाहून घ्यावी. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, पाटीवर ‘शासनमान्य’ लिहिलेलं असलं तरी. पैसे अडकले असतील तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा वेळेत भरा. ठेवपावतीची मूळ प्रत पोलिसांनी मागितली तर आधी तिची झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ प्रत देताना सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.